धुतलेला ठोकळा

४ मार्च, सोमवार

नवी वही. समास मी स्वतः आखला आहे, दीड इंच. नियम जुनाच: या वहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि शेजारी सही. खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

आज अकरा वाजता मी सही केली. एक्केचाळीस पानांचं गणित आणि खाली एक सही. मालक म्हणाले, "आकडेमास्तर, छातीवर हात ठेवून सांगा." मी म्हटलं, छातीवर कशाला, कागदावर ठेवतो.

पुढे कधी ही पानं चाळली तर संदर्भ लागावा म्हणून लिहून ठेवतो. कपबश्या भाजायची आमची मोठी भट्टी. तिच्यातून धुराड्याकडे जाणारी ऊब वाया जाऊ नये म्हणून वाटेत एक लोखंडी पेटी बसवली आहे, आतून विटांचं अस्तर. पेटीत स्पंजासारखे जाळीदार मातीचे ठोकळे रचलेले. ठोकळ्याचं एक टोक लालबुंद, दुसरं त्या मानानं गार. आजवर भट्टी कमी आचेवर चालली, अठरा तारखेपासून ती पूर्ण आचेवर चालवायची आहे. तेव्हा या दोन टोकांतला फरक ५२० अंशांवर जाईल. प्रश्न एवढाच होता की पेटी गाणार तर नाही?

गाणार म्हणजे खरंच गाणार. भोकातल्या हवेचा एक कण मागेपुढे डोलतो आहे असं धरू. गरम टोकाकडे सरकला की भिंतीकडून ऊब घेऊन फुगतो, गार टोकाकडे सरकला की ती देऊन आकसतो. पण हे देणं-घेणं लगेच होत नाही, किंचित उशीर होतो. भोक मोठं असेल तर मधल्या हवेपर्यंत भिंतीची ऊब पोहोचत नाही. फार बारीक असेल तर उशीरच उरत नाही. मधल्या मापाला मात्र तो उशीर नेमका जुळतो आणि प्रत्येक डोलण्याला मागून धक्का बसतो, झोपाळ्याला द्यावा तसा. मग आवाज आपल्याच बळावर वाढत जातो, विटा आणि बोल्ट हलवण्याइतका. आवाजाचं सगळं बळ त्या उशिरात आहे. हे वाक्य माझं आहे, पुस्तकातलं नाही.

माझी शाळा सोळाव्या वर्षी सुटली. पुढचं सगळं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून शिकलो. माझं उत्तर असं: ६४० अंशांच्या खाली पेटी गप्प राहील. म्हणजे एकशे वीस अंश हातात आहेत.

माप कसं घेतलं तेही नोंदवतो. गेल्या महिन्यात भट्टी बंद होती तेव्हा पेटीतले दोन ठोकळे घरी आणले. चौदा महिने धुराच्या वाटेवर बसून काळेकरडे झालेले. एक बेसिनमध्ये टूथब्रशनं घासला, तीन पाणी बदलून धुतला, दोन दिवस वाळवला, तेव्हा कुठे मूळचा पांढरा रंग दिसला. दुसरा धुण्याच्याही लायकीचा नव्हता. तो हिनं बाल्कनीच्या दाराला अडण म्हणून लावला. मग हिच्या केस वाळवायच्या यंत्राची गार हवा ठोकळ्यातून सोडली आणि पाण्याच्या वाकड्या नळीवर दाब मोजला. तीनदा. त्यावरून भोकाचं सरासरी माप निघालं ६.४ मिलिमीटर. तिन्ही वेळा तेच.

बर्नरच्या कंपनीचा इंजिनीअर आला होता. तिशीतला, शर्टावर चहाचा डाग. मी त्याला मनात पदवीवाला म्हणतो. त्यानं सगळी पानं वाचली, हे मान्य. मग एकच प्रश्न विचारला: नमुना मोजला तेव्हा कुठल्या अवस्थेत होता? मी म्हटलं, आरशासारखा स्वच्छ. तो पुढे काही बोलणार होता, तेवढ्यात मी पान उलटलं. स्वतः शिकलेल्या माणसाला असल्या तोंडी परीक्षा नव्या नाहीत.

हिची तक्रार: ठोकळा धुतल्यापासून बेसिनचं पाणी उतरत नाही. बघतो म्हटलं.

६ मार्च, बुधवार

आच पहिल्या पायरीनं चढवली. फरक ४३०.

भट्टीवर सकाळच्या पाळीला माझा मेहुणा असतो, हिचा धाकटा भाऊ. कारखान्यात त्याला शिट्ट्या म्हणतात, कारण तोंडात कायम शिट्टी. दर अर्ध्या तासानं पेटीच्या दारातल्या काचेला डोळा लावून आत बघायचं आणि रंग लिहायचा, हे त्याचं काम. साडेनऊला तो खाली आला आणि म्हणाला, "दाजी, ती गुणगुणतेय."

मी म्हटलं, पंखा असेल. तो म्हणाला, पंख्याचा सूर वेगळा, आणि दोन्ही सूर शिट्टीत वाजवून दाखवले. दुसरा सूर शिट्टीतही खालचा होता. खरा याच्याही बराच खाली आहे, म्हणाला, एवढं खाली माझं तोंड जात नाही.

मी वर गेलो. मला काही ऐकू आलं नाही. नोंद: ४३० अंश, आवाज — शिट्ट्याचा भास.

खाली उतरताना कठड्यावर हात ठेवला. हाताला मुंग्या आल्यासारखं झालं. काढून पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. जिन्याला एकवीस पायऱ्या आहेत. आज वीस भरल्या. मधली एक मी मोजलीच नसणार.

७ मार्च, गुरुवार

पहाटे उठून पानं एक ते बावीस तपासली. चूक नाही.

८ मार्च, शुक्रवार

पानं तेवीस ते एक्केचाळीस. चूक नाही. सत्ताविसाव्या पानावर एक स्वल्पविराम राहिला होता, तो घातला.

चूक सापडली नाही याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. चूक सापडली असती तर निदान ती कुठे आहे हे कळलं असतं.

९ मार्च, शनिवार

आज कानावर आणि हातावर विसंबलो नाही. बशीत पाणी घेतलं आणि पेटीशेजारी फळीवर ठेवलं. फरक ४३५. पाण्यावर वर्तुळं उमटली, एकात एक, स्थिर. अगदी रेखीव. एरवी कुणाला तरी बोलावून दाखवली असती. आज बशी पटकन उचलली. पाणी हातावर सांडलं.

म्हणजे भास नव्हे. माझ्या गणिताप्रमाणे अजून दोनशे अंश शांतता असायला हवी आणि पेटी आत्ताच गाते आहे. ५२० ला काय करेल?

पेटीमागच्या मांडणीवर कच्चे कप उपडे ठेवलेले असतात. त्यांची एक ओळ कडेकडे सरकली होती. मी ती परत मागे लावली. कुणी पाहिलं नाही.

११ मार्च, सोमवार

उष्णतामापक बदलून पाहिला. बरोबर आहे. हवेचा वेग मोजला. बरोबर आहे. पेटीची लांबी पुन्हा टेपनं मोजली. नकाशाप्रमाणेच. जगातलं सगळं बरोबर आहे.

शिट्ट्याला सांगितलं की काचेला इतकं चिकटून उभा राहू नकोस, हातभर लांबून बघ. त्यानं विचारलं, का? मी म्हटलं, डोळ्याला बरं नाही. तो हसला. अकरा वर्षं आगीकडेच बघतोय, म्हणाला, आजच माझे डोळे कसे आठवले?

संध्याकाळी ही म्हणाली, "शिट्ट्याचा फोन आला होता. म्हणतो, ताई, दाजींना माझी माया यायला लागली, तब्येत दाखवून घे त्यांची." ती हसत होती. मग माझ्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "अहो, झालंय काय?"

कामाचा ताण, म्हटलं. तिनं ताटाकडे पाहिलं. अर्धं तसंच होतं.

१२ मार्च, मंगळवार

आज एक गोष्ट घडली, ती प्रामाणिकपणे लिहितो. गणित उलटं करून पाहिलं. पेटी ४३० लाच गाते असं धरलं आणि विचारलं, मग भोक किती मोठं असायला हवं? उत्तर आलं ४.५. वहीतल्या मापापेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर कमी.

म्हणजे उत्तर अशक्य आहे. मी ठोकळा तीनदा मोजला आहे, धुऊन, वाळवून, कणही राहू दिला नाही. हवं ते उत्तर यावं म्हणून माप वाकवणं ही लबाडी, आणि ती आजवर मी केलेली नाही. कागद फाडून टाकला.

१४ मार्च, गुरुवार

दुसरी पायरी. फरक ४७०. आता कुणी सांगायची गरज नाही, जिन्याखालीही ऐकू येतं. कुणीतरी तोंड मिटून एकच स्वर धरावा, तसं. पॅकिंगमधल्या बायका म्हणतात, भट्टी रडतेय. सगळ्या हसतात. मीही हसलो. माझा हसण्याचा आवाज मलाच परका वाटला.

पेटीच्या दाराला दोन कड्या आहेत. वरच्या कडीचे बोल्ट ढिले झाले होते, चार. मी स्वतः आवळले. वरून विटांची भुकटी खांद्यावर पडली. ती झटकली, ओल्या फडक्यानं पुसली.

मालक भेटले. "मास्तर, सगळं ठीक ना?"

हो म्हटलं.

इथे रेघ मारायला हवी, पण काय खोडू? शब्द तर मी उच्चारला.

१५ मार्च, शुक्रवार

डोळे मिटले की आवाज येतो. उघडे ठेवले की शिट्ट्या दिसतो, काचेला डोळा लावलेला. काच बशीएवढी आहे. तिच्यामागे आग.

गणितावर विश्वास ठेवावा तर आवाज खोटा, आवाजावर ठेवावा तर मी. तीस वर्षांत मी दुसरं काही कमावलेलं नाही. लोक मला डिग्री विचारत नाहीत, हे कमावलं.

१६ मार्च, शनिवार

आज अक्षर चांगलं येणार नाही.

दुपारी घरी होतो. ही म्हणाली, बेसिन आज अजिबात उतरत नाही, तुम्ही बघतो म्हणालात त्याला बारा दिवस झाले. पाना घेतला, बेसिनखाली बादली लावली आणि वाकडी नळी उघडली. आतून करडा गाळ आला. वाटीभर. दाट, गुळगुळीत, बोटाला चिकटणारा. नळीच्या आतल्या बाजूला त्याचा थर बसला होता आणि मधे पाणी जायला पेन्सिलीएवढी वाट उरली होती.

मी लादीवर बसलो. किती वेळ ते माहीत नाही.

हा गाळ ठोकळ्यातला. चौदा महिने धुराबरोबर आलेली राख आणि मातीची भुकटी, भोकांच्या भिंतींना बसलेली. भोकं त्यानंच अरुंद केली होती. आणि मी काय केलं? मोजण्याआधी ती धुऊन टाकली. भट्टीत धुतलेला ठोकळा नाहीच. भट्टीत आहेत ते सगळे बाल्कनीच्या दाराला लावल्यासारखे.

उठलो आणि दाराखालचा ठोकळा काढला. दार धाडकन मिटलं. हिचं केसांचं यंत्र घेतलं, पाण्याची नळी भिंतीला लावली. या वेळी फुंकरही मारली नाही. तीनदा मोजलं.

४.५. ४.५. ४.५.

मंगळवारी कागद फाडला, त्यावर खरं उत्तर होतं. पदवीवाल्यानं विचारलं तेही हेच होतं. त्यानं परीक्षा घेतली नव्हती. त्याला भीती वाटली होती.

ही दारात उभी होती. म्हणाली, "सापडलं?" मी मान हलवली. तिला वाटलं, बेसिनचं.

१७ मार्च, रविवार

हे लिहिताना लाज वाटते, पण वहीला खोटं बोललो तर मग कुणाशीच खरं बोलणार नाही.

सकाळी मालकांना फोन केला. सांगायचं होतं की गणित चुकलं, आच चढवू नका. तोंडातून निघालं ते असं: उष्णतामापकावर संशय आहे, दोन दिवस थांबलेलं बरं. अगदी सफाईनं बोललो. काम थांबलं असतं, शिट्ट्या सुटला असता आणि सहीही शाबूत राहिली असती.

मालक म्हणाले, मापक चालू भट्टीत बदलता येतो, तुम्हीच मागच्या सोमवारी बदलला होता. थांबायचं कारण नाही. तुमच्या एक्केचाळीस पानांवर माझा विश्वास आहे, मास्तर.

फोन ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. संध्याकाळपर्यंत असा सात वेळा. सात हा आकडा नक्की आहे.

उद्या सहाला आच चढायला लागेल. आठपर्यंत ५२०. शिट्ट्याची पाळी सहाची. मालक साडेसातला येतात. समोर उभा राहून सांगेन. फोनवर मला सारवासारव करायला जागा मिळते.

शिट्ट्याला तेवढं सांगितलं, उद्या रजा घे. म्हणाला, दाजी, पहिल्याच दिवशी? आणि माझ्या जागी उभं कोण राहणार?

१८ मार्च, सोमवार

क्रमानं लिहितो.

साडेसातला मालकांच्या खोलीत गेलो. बसलो नाही. सांगितलं की मी ठोकळा धुऊन मोजला. धुतल्यामुळे भोकं मोठी भरली. खऱ्या मापानं पेटी ४३० पासून गाते आणि ५२० ला अस्तर टिकणार नाही. आच उतरवा.

मालकांनी विचारलं, "काल मापकाचं सांगितलंत ते?"

"खोटं होतं."

"आणि ही सही?"

"सही खरी आहे. तिच्या वरचं चुकलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या शांततेत त्यांच्या काचेच्या कपाटातले नमुन्याचे कप किणकिणायला लागले. आधी एक, मग सगळे. भट्टी तिथून सव्वाशे पावलांवर आहे. मालकांनी वर फोन लावला. घंटा वाजत राहिली. त्या आवाजात वर कुणाला घंटा ऐकू येणार?

मी पळालो. किती पावलं ते मोजलं नाही.

आवाज आता कानात नव्हता, छातीत होता. दातांत होता. वर पोहोचलो तेव्हा वरची कडी तुटून लोंबत होती आणि शिट्ट्या दाराला लोखंडी सळई लावून, अंगाचा भार देऊन उभा होता. तोंड काचेपासून वीतभर. दार उघडू नये म्हणून दाबून धरलं होतं. त्याला वाटलं, तो माझी पेटी वाचवतोय.

भट्टीवर एक फलक आहे, मीच रंगवलेला. पहिली ओळ: संकटात आधी गॅसचा व्हॉल्व्ह, मग माणसं. व्हॉल्व्ह माझ्या उजव्या हाताला होता, दोन पावलांवर. मी डावीकडे गेलो. शिट्ट्याची कॉलर धरली आणि सगळं वजन मागे टाकलं. दोघंही लादीवर आपटलो. खालची कडी सुटली, दार आपोआप उघडलं आणि त्याचं तोंड जिथे होतं तिथून आग बाहेर आली, पांढरी, हातभर लांब, एकदा आत एकदा बाहेर, त्याच सुरात.

मग मी रांगत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला.

आवाज एकदम नाही थांबला. हळूहळू खाली गेला. त्यानंतर जी शांतता झाली तिचीही मला भीती वाटली.

शिट्ट्याच्या भुवया जळल्या आहेत. बाकी काही नाही. त्यानं कपाळ चाचपून पाहिलं. मग म्हणाला, "दाजी, फलकावर उलटं लिहिलंय तुम्ही."

भट्टीच्या नोंदवहीत, सगळे वाचतात तिथे, मी लिहिलं: नमुना धुऊन मोजल्यामुळे गणित चुकले. चूक माझी. सही केली.

१९ मार्च, मंगळवार

पेटी निवल्यावर उघडली. अस्तराच्या अकरा विटा खाली पडल्या आहेत, दोन बिजागऱ्या चिरल्या आहेत. मालक माझ्याशी कामापुरतं बोलले. आज मला मास्तर म्हणाले नाहीत. पुढे काय करायचं ते ठरवून सांगतील. ठरवू देत.

पदवीवाल्याला मीच फोन केला. विचारलं, त्या दिवशी पुढे काय म्हणणार होतात? तो म्हणाला, तुम्ही पान उलटलंत आणि मीही सोडून दिलं. वाटलं, एवढी पानं लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल कसं? त्याचा आवाज बरा नव्हता. तोही झोपलेला दिसत नव्हता. गुरुवारी येतो म्हणाला. न धुतलेला ठोकळा दाखवा म्हणाला. दाखवतो म्हटलं.

संध्याकाळी शिट्ट्या आला, भट्टी उपसून, तसाच, हात काळे. बहिणीनं त्याच्या कपाळाला मलम लावलं. ती माझ्याशी सकाळपासून बोललेली नाही. तिला सगळं मीच सांगितलं, सहा तारखेपासूनचं. तिनं एवढंच विचारलं होतं: नऊ तारखेला बशीत दिसलं, तरी पुढचे नऊ दिवस त्याला तिथे उभा केलात? या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नाही.

शिट्ट्या टेबलाशी बसला. म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही लिहूनसुद्धा घेतलं नाहीत."

मी ही वही आणली, सहा तारखेचं पान काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं वाचलं, ओठ हलवत. ४३० अंश, आवाज. मग त्यापुढचे दोन शब्द.

मी पट्टी घेतली. त्या दोन शब्दांवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. खालचं वाचता येतं.

"मी करू का सही?" त्यानं विचारलं. "ऐकलं मीच होतं."

पेन्सिल दिली. सही करताना त्यानं डाव्या हातानं पान दाबून धरलं. हात उचलला तेव्हा समासात अंगठा उठला होता, काजळीचा, रेषा न् रेषा स्पष्ट. तो ओशाळला आणि बाहीनं पुसायला गेला.

"राहू दे," मी म्हटलं आणि वही त्याच्या हाताखालून ओढून घेतली.